काम नेमके कोठे गळते?
मोबाईलमधील कामाची यादी निवडण्यापूर्वी

2024 सालची रमजान ईद 11 एप्रिलला होती. आदल्या रात्री, चाँदरातीला, आमच्या परिचयातील एका शिलाई कारागिराच्या दुकानात एक जुने गिऱ्हाईक चार शेरवानी नेण्यास आले. खुंटीवर तीनच होत्या. चौथी त्यांच्या सात वर्षांच्या धाकट्या मुलाची होती. तिची ऑर्डर त्यांनी पहिल्या रोजांच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून दिली होती, मापही सांगितले होते. संदेश ऐकला गेल्याची निळी खूण दिसताच काम पक्के झाले असे समजून ते निश्चिंत झाले. दुकानातील मुलाने संदेश ऐकला होता हे खरेच. परंतु ऐकताना त्याच्या एका हातात कात्री होती, नोंद करायची राहिली आणि संध्याकाळपर्यंत त्या संदेशावर शेकडो नवे संदेश येऊन पडले. गिऱ्हाईकाने भांडण केले नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या दुकानात गेले.

त्यानंतर त्या कारागिराने आम्हाला विचारले, "मोबाईलमध्ये कामे लक्षात ठेवणारे सर्वांत चांगले अ‍ॅप कोणते?" हाच प्रश्न आम्हाला कापडवाले, फर्निचरवाले, वाहनांचे सुटे भाग विकणारे असे अनेक बांधव विचारत असतात. म्हणून यातील काही प्रचलित अ‍ॅप आम्ही स्वतः वापरून पाहिली. त्यावरून आमचे मत असे झाले की प्रश्न उलट्या टोकाने धरला जात आहे. घराचे छत गळत असेल तर आपण आधी बाजारात जाऊन सर्वांत महाग डांबर आणत नाही. आधी गळती कोठे आहे ते पाहतो. कामाचेही तसेच आहे. कोणाचे काम नोंदीतच गळते, कोणाचे आठवणीत, कोणाचे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, तर कोणाचे दोन टप्प्यांच्या मध्ये. प्रत्येक गळतीला वेगळे अ‍ॅप लागते, आणि एखाद्या गळतीला तर कोणतेच लागत नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की कोणतेही अ‍ॅप उतरवून घेण्यापूर्वी एक आठवडा गल्ल्याजवळ एक कोरा कागद ठेवावा. ज्या ज्या वेळी एखादे काम चुकले, उशिरा झाले किंवा गिऱ्हाईकाला आठवण करून द्यावी लागली, त्या वेळी एका ओळीत ते लिहावे आणि पुढे कारण लिहावे: लिहिलेच नव्हते, लिहिले होते पण वेळेवर पाहिले नाही, सांगितले होते पण ज्याला सांगितले त्याने केले नाही, किंवा अर्धे होऊन पडून राहिले. आठवड्याच्या शेवटी कोणत्या कारणापुढे जास्त ओळी आहेत ते मोजावे. बहुतेकांना स्वतःचाच कागद पाहून आश्चर्य वाटते. आमच्या शिलाई कारागिराला वाटत होते की आपली स्मरणशक्ती कमी झाली आहे. कागदाने दाखविले की चुकलेली बहुतेक कामे लिहिलीच गेली नव्हती. जे लिहिलेच नाही ते कोणते अ‍ॅप लक्षात आणून देणार?

जे लिहिले जात नाही

ज्यांची गळती नोंदीत आहे त्यांनी अ‍ॅपची एकच परीक्षा घ्यावी. मोबाईल खिशातून काढल्यापासून काम नोंदले जाईपर्यंत किती वेळ लागतो? दहा सेकंदांच्या पुढे जात असेल तर गर्दीच्या वेळी ते अ‍ॅप उघडले जाणार नाही, मग त्यात कितीही सोयी असोत. या बाबतीत गुगल कीप आम्हाला सोपे वाटले. त्यात टाइप करता येते, बोलून नोंद करता येते, कापडाच्या तुकड्याचा किंवा नमुन्याचा फोटो टाकता येतो, आणि कामांपुढे चौकोन येऊन झालेल्या कामावर खूण करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. गुगल टास्क्समध्ये लिहिणे तितकेच जलद होते, परंतु त्यात फोटो ठेवता येत नाही. ज्याचे काम फोटोवर चालते त्याला ते अपुरे पडेल. ज्याचे काम केवळ "अमक्याला फोन करणे, तमक्याचे बिल देणे" एवढेच आहे त्याला ते पुरे आहे.

टाइप करण्याची अडचण सांगून पुष्कळ लोक मागे सरतात. ती आता अडचण राहिलेली नाही. गुगलच्या कीबोर्डवर बोलून लिहिण्याची सोय मराठीसाठी ऑगस्ट 2017 मध्ये आली, आणि त्याच वेळी उर्दूसाठीही आली. यंत्राच्या आवाजात ती कधी चुकते, विशेषतः नावे व आकडे चुकतात, तेव्हा माप व रक्कम मात्र हातानेच लिहावी. दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टोडोइस्टसारख्या काही अ‍ॅपमध्ये इंग्रजीत "टुमॉरो फाइव्ह पीएम" असे लिहिले की तारीख व वेळ आपोआप लागते. मराठीत "उद्या पाच वाजता" लिहिले तर ते त्याला कळत नाही, तारीख हाताने निवडावी लागते. जाहिरातीतील ही सोय पाहून जे पैसे भरतात त्यांनी आपण कोणत्या भाषेत लिहिणार आहोत याचा आधी विचार करावा.

व्हॉट्सअ‍ॅप हे आपल्या बाजाराचे गिऱ्हाईक येण्याचे दार आहे हे आम्हाला मान्य आहे. परंतु दाराला वही समजणे ही चूक आहे. तेथे आलेल्या संदेशाला तारीख नसते, झाले-न झाले याची खूण नसते, आणि नवा संदेश जुन्याला खाली ढकलतो. आमच्या कारागिराने आता असा नियम केला आहे की ऑर्डर यादीत चढल्याशिवाय गिऱ्हाईकाला "हो" लिहायचे नाही, आणि "हो" सोबत नगांची संख्या व देण्याची तारीख लिहूनच पाठवायची. गिऱ्हाईकांनाही सांगून ठेवले आहे की निळी खूण म्हणजे होकार नव्हे. हे काम अ‍ॅपचे नाही, शिस्तीचे आहे.

जे लिहूनही आठवत नाही

आठवण करून देणारी घंटा जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये आहे. तक्रार अशी येते की ती वाजत नाही. दोष बहुधा अ‍ॅपचा नसतो, मोबाईलचा असतो. अँड्रॉइडच्या 2022 मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून सूचना दाखविण्यासाठी अ‍ॅपला आपली परवानगी मागावी लागते, आणि घाईत आपण "नको" दाबलेले असते. दुसरे म्हणजे बॅटरी वाचविण्यासाठी अनेक मोबाईल न वापरलेली अ‍ॅप आतल्या आत बंद करून टाकतात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या भागात जाऊन निर्बंध काढून टाकावा. मग रात्री झोपताना पहाटेची एक आठवण लावून मोबाईल हात न लावता ठेवून द्यावा. ती वेळेवर वाजली तरच त्या अ‍ॅपवर चेकची तारीख सोपवावी.

चेकचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. तारीख चुकल्याने व्यापाऱ्याचे जे नुकसान होते ते येथे सर्वांत कठोर असते. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत 3 महिने आहे. चेक न वटता परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यास 15 दिवस मिळतात, आणि तरीही पैसे न आल्यास त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. या मुदती हुकल्या तर कलम 138 चा आधार हातातून निसटू शकतो. म्हणून चेक परत आला त्याच दिवशी यादीत तीन वेगवेगळी कामे तीन तारखांना लावावीत, आणि प्रत्येक तारीख शेवटच्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधीची असावी. वकिलाकडे जाण्यासही वेळ लागतोच. त्याचप्रमाणे दर महिन्याला जीएसटी विवरण भरणाऱ्यांनी 11 व 20 या तारखांच्या घंटा 7 व 16 तारखेला लावाव्यात. शेवटच्या दिवशी वाजणारी घंटा केवळ घाबरविण्याचे काम करते. आणि घंटेची वेळ अशी असावी की त्या वेळी आपण ते काम करू शकू. जुम्याच्या दिवशी दुपारी दीड वाजता वाजलेली घंटा बंद करून माणूस मशिदीत जातो व परत आल्यावर विसरतो.

येथे आपल्या बाजाराची एक खास अडचण आहे, जी अ‍ॅप बनविणाऱ्यांच्या ध्यानी नसावी. "दर वर्षी" अशी पुन्हा पुन्हा येणारी आठवण लावली की ती इंग्रजी तारखेप्रमाणे चालते. आपला मुख्य हंगाम चंद्राप्रमाणे चालतो. भारतात रमजान ईद 2023 मध्ये 22 एप्रिलला, 2024 मध्ये 11 एप्रिलला व 2025 मध्ये 31 मार्चला झाली. म्हणजे कापड भरण्याची, अस्तर-बटणे मागविण्याची, जादा कारागीर बोलविण्याची जी आठवण एकदा लावून ठेवली ती दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे पडत जाते, आणि तीन वर्षांत महिनाभर उशिरा वाजते. खजूर व शेवयांच्या व्यापाऱ्यांनाही हेच लागू आहे. यावर उपाय साधा आहे. दर वर्षीची आठवण लावूच नये. ईद झाल्यावर हिशेब करताना पुढच्या वर्षीच्या तारखा हाताने घालाव्यात, व चंद्रदर्शनाचा एक दिवस इकडे-तिकडे धरून चालावे.

एका हातातून दुसऱ्या हातात

आमच्या मते छोट्या कारखान्यांत सर्वांत जास्त गळती येथे आहे. मालक म्हणतो, "मी सांगितले होते." मुलगा म्हणतो, "मला वाटले उस्ताद करणार." उस्ताद म्हणतो, "मला कोणी सांगितलेच नाही." तिघेही खरे बोलत असतात.

अशा ठिकाणी मालकाच्या एकट्याच्या मोबाईलमधील यादी निरुपयोगी आहे, मग ती कितीही सुबक असो. यादी वाटून घेता आली पाहिजे. गुगल टास्क्स येथे बाद होते, कारण त्यातील यादी दुसऱ्याला उघडून देता येत नाही. कीपमधील एखादी नोंद दुसऱ्यांना जोडून देता येते. मायक्रोसॉफ्टच्या टू डू या विनामूल्य अ‍ॅपमध्ये पूर्ण यादी दुसऱ्यांना देता येते व एखादे काम ठराविक माणसाच्या नावावर लावता येते, मात्र प्रत्येकाचे मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. कारागिराला नवे खाते उघडायला लावणे हे ऐकायला सोपे आहे, पण पाच कारागिरांपैकी दोघांचा पासवर्ड आठवड्यात हरवतो असा आमचा अनुभव आहे. ज्यांच्या मोबाईलमध्ये गुगलचे खाते आधीच आहे त्यांना कीप देणे त्यामुळे सोपे जाते. अ‍ॅप निवडताना मालकाने स्वतःची आवड पाहू नये. दुकानातील सर्वांत कमी शिकलेल्या कारागिराच्या हातात ते पाच मिनिटे द्यावे व गप्प राहून पाहावे. तो फोटो पाहून काम ओळखतो काय, झाल्याची खूण करतो काय, एवढेच बघावे. उत्तर भारतातून आलेल्या कारागिराला मराठी वाचता येत नसेल तर फोटो व आकडे हीच यादीची भाषा ठेवावी.

प्रत्येक कामापुढे एकच नाव असावे. दोन नावे लिहिली की काम कोणाचेच राहत नाही.

वाटून घेतलेल्या यादीत काय लिहू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शिलाईच्या दुकानात बायकांची मापे नाव व मोबाईल क्रमांकासह सर्व कारागिरांच्या मोबाईलमध्ये पोहोचतात, असा प्रकार आम्ही पाहिला आहे. ती मापे आपल्याकडे अमानत आहेत. यादीत केवळ पावतीचा क्रमांक व देण्याची तारीख ठेवावी, मापे वहीत किंवा एकाच्याच ताब्यात ठेवावीत. उधारीचे आकडेही या यादीत नकोत. "अमक्याकडे वसुलीला जाणे" ही आठवण यादीत, आणि रक्कम खात्यात. दोन्ही ठिकाणी आकडा लिहिला की महिन्याभरात दोन वेगळे आकडे तयार होतात व वाद सुरू होतात.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याच बाबतीत घडली. आमच्याकडील यादी घरातल्या एका होतकरू मुलाने आपल्या खात्यावर उघडली होती. तो नोकरीसाठी आखातात गेला, तेथे क्रमांक बदलला, आणि पासवर्ड विचारण्यासाठी आम्हाला तेरा दिवस लागले. त्या तेरा दिवसांत दोन पुरवठादारांशी झालेले वायदे आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागले. तेव्हापासून खाते दुकानाच्या नावाचे व मालकाच्या क्रमांकावर असावे, आणि कारागीर काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याला यादीतून काढावे, असे आम्ही पाळतो. वेगळे खाते उघडून ते विसरूनही जाऊ नये. दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचे धोरण गुगलने 2023 मध्ये जाहीर केलेले आहे.

अर्धवट पडलेली कामे

साध्या यादीला दोनच गोष्टी कळतात: झाले आणि झाले नाही. कारखान्यातील बहुतेक कामे मात्र या दोहोंच्या मध्ये असतात. मिरजेच्या सतारीचे उदाहरण घ्यावे. या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हा हुनर तेथील मुस्लिम कारागीर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूनचे लाकूड, भोपळा व दांडी जोडणे, नक्षी, पॉलिश, पडदे बांधणे, तारा चढविणे, आणि शेवटी कानाने लावायची जवारी. यात जोड वाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पावसाळी हवेत पॉलिशला जास्त वेळ द्यावा लागतो. एकाच वेळी आठ वाद्ये आठ अवस्थांत असतात. "सतार पूर्ण करणे" असे यादीत लिहिले तर ती ओळ महिनाभर तशीच डोळ्यांपुढे राहते, आणि रोज दिसणारी ओळ काही दिवसांनी दिसेनाशी होते.

अशा कामाला रकान्यांचा फळा लागतो. ट्रेलो हे 2011 पासूनचे अ‍ॅप याच पद्धतीचे आहे. पडद्यावर रकाने असतात, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते, आणि काम पुढे सरकले की चिठ्ठी बोटाने पुढच्या रकान्यात सरकवायची. चिठ्ठीवर फोटो, तारीख व करणाऱ्याचे नाव राहते. विनामूल्य वापरात फळ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण एका कारखान्याला एक फळा पुरतो. ही पद्धत संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी 1950 च्या दशकात ती रुजविली, व तिचे कानबान हे नाव जपानीत पाटीला म्हणतात त्यावरून पडले. तिचा गाभा असा की हातातल्या कामाच्या रकान्यात ठराविक संख्येपेक्षा जास्त चिठ्ठ्या घालायच्याच नाहीत. वाचकांना हे नवे वाटण्याचे कारण नाही. रमजानच्या मध्यावर "ईदचे बुकिंग बंद" अशी पाटी आपले शिलाई कारागीर लावतातच. फरक इतकाच की ती पाटी आपण अंदाजाने लावतो, बहुधा दोन-चार दिवस उशिरा. रकान्यातील चिठ्ठ्या मोजून लावली तर कोणत्या दिवशी लावायची ते समजते.

फळ्यावर "थांबलेले" असा एक रकाना जरूर ठेवावा व प्रत्येक चिठ्ठीवर कशासाठी थांबले ते लिहावे: गिऱ्हाईकाने रंग सांगितला नाही, आगाऊ रक्कम आली नाही, माल आला नाही, जोड वाळायचा आहे. आमच्या पाहण्यातील एका फर्निचरवाल्याने हा रकाना पहिल्यांदा भरला तेव्हा त्याच्या उशिराच्या कामांपैकी निम्म्याहून अधिक कामे गिऱ्हाईकाच्या एका फोनसाठी अडलेली निघाली. तो मात्र नवा सुतार शोधत होता.

एकट्याने काम करणाऱ्याला हे सर्व जड पडेल. त्याने फळ्याच्या नादी लागू नये.

अ‍ॅप उद्या बंद पडले तर?

बर्लिनच्या एका कंपनीने 2010 मध्ये वंडरलिस्ट नावाचे अ‍ॅप काढले. ते जगभर लोकप्रिय झाले. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये ती कंपनी विकत घेतली, 2017 मध्ये स्वतःचे टू डू आणले, आणि 6 मे 2020 रोजी वंडरलिस्ट बंद केले. अगोदर सूचना दिली होती व याद्या टू डूमध्ये नेण्याची सोयही केली होती, तरी ज्यांनी सूचना वाचली नाही त्यांना धावपळ करावी लागली असणार. तेव्हा नवे अ‍ॅप घेताना पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये आपली माहिती बाहेर काढण्याची सोय शोधावी. गुगलच्या कीप व टास्क्समधील नोंदी गुगल टेकआउटमधून एकत्र उतरवून घेता येतात. हे जमत नसेल तर दर जुमेरातला यादीचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे स्क्रीनशॉट. अडाणी वाटते, पण चालते.

पैसे भरावे की नाही, हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तीन महिने विनामूल्य वापर केल्यावर जी एक गोष्ट अडते तिच्यासाठीच भरावेत. वर्षाचे एकदम भरल्यास स्वस्त पडते असे प्रत्येक कंपनी सांगते. पहिल्या खेपेस एका महिन्याचेच भरावे, आणि आपोआप कापले जाणारे पैसे बंद करण्याची तारीख त्याच यादीत लिहून ठेवावी.

सुरुवात हंगामात करू नये. शिलाई व कापडवाल्यांनी ईदनंतरचे मंदीचे दिवस निवडावेत, इतरांनी आपापली मंदी पाहावी. एका वेळी एकच अ‍ॅप ठेवावे व चाचणीसाठी घेतलेली बाकीची काढून टाकावीत, नाहीतर अर्धी कामे एकात व अर्धी दुसऱ्यात जातात. जुनी वही महिनाभर सोबत चालू द्यावी. महिन्याने गल्ल्याजवळ पुन्हा तसाच कोरा कागद आठवडाभर ठेवावा व पहिल्या कागदाशेजारी ठेवून ओळी मोजाव्यात. ओळी तेवढ्याच भरल्या तर अ‍ॅप बदलण्याआधी त्यांच्यापुढची कारणे पुन्हा वाचावीत.